सोलापुरात पाहुणं राहू देत नाहीत

बुधवार

पुण्यातलं काम आदल्या दिवशीच उरकलं होतं, म्हणून सकाळची सोलापूर इंटरसिटी पकडली. सोलापूर म्हणजे माझ्यासाठी आजवर हैदराबादला जाताना अर्धवट झोपेत लागणारं स्टेशन होतं. या वेळी मुद्दाम उतरायचं ठरवलं. कॉलेजची एक मैत्रीण मूळची तिथली, आता बंगळुरात असते. "हॉटेल बघतेस? आई मग मला घरात घेणार नाही," एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि माझी राहायची सोय झाली.

दौंड सुटलं की डब्यातली मराठी बदलते. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी दिसायला लागलं. लांबवर पांढरे ठिपके होते, ते रोहित की बगळे यावर माझ्या समोरच्या आजी-आजोबांचं एकमत होईना. दोघं बार्शीचे, कुर्डुवाडीला उतरून पुढे एसटीनं जाणार होते. जेऊर यायच्या आत आजींनी पिशवीतून सुईदोरा काढून सरळ माझ्या हातात दिला. "ओव गं एवढं. मला भोक दिसत न्हाई आता." ओळख ना पाळख. मी दोरा ओवून दिला. मग त्यांनी आजोबांच्या सदऱ्याचं लोंबणारं बटण सदरा अंगावर असतानाच शिवायला घेतलं, पण आधी एक काडी त्यांच्या दातांत दिली. अंगावरचं कापड शिवताना तोंडात काडी धरायची असते, हे आमच्याकडेही होतं. काडी आहे तोवर बोलायचं नाही. आजोबा डोळे मिचकावत गप्प बसले. आजी टाके घालता घालता मला म्हणाल्या, "बटन मी मुद्दाम सैल लावते. म्हंजे आठ दिवसांनी परत जरा शांतता." अख्खा कप्पा हसला. सगळ्यांत जास्त हसले आजोबा, काडी सांभाळून.

काडी निघाल्यावर मात्र ते कुर्डुवाडीपर्यंत थांबले नाहीत. बार्शी लाईट, म्हणजे १८९७ साली सुरू झालेली ती नॅरो गेज, त्यांच्या लहानपणीची 'छोटी गाडी'. चढावर ती इतकी मंद व्हायची की पोरं उतरून बोरं वेचायची आणि मागच्या डब्यात चढायची. प्रत्येक छोट्या गाडीबद्दल ही गोष्ट सांगतात. पण सांगणारा स्वतःच्या खिशातली बोरं अजून चाचपत असला, की शंका घ्यायची इच्छा होत नाही. उतरताना आजींनी कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणीची पुडी माझ्या मांडीवर ठेवली. "दोरा ओवल्याची मजुरी," म्हणाल्या.

दीडच्या सुमारास सोलापूर. रिक्षा अशोक चौकाच्या बाजूला, पूर्व भागात शिरली तशा दुकानांवरच्या तेलुगू पाट्या वाढल्या आणि यंत्रमागांची खटखट सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. हातमाग घेऊन आले, गिरण्यांत लागले, गिरण्या बंद पडल्यावर पुन्हा मागांवर आले. घरात तेलुगू, दारात मराठी आणि चिडल्यावर दोन्ही. मैत्रिणीच्या आईला सगळी गल्ली अव्वा म्हणते, वडिलांना मामा. दोघंही सत्तरीच्या पुढची.

"रा बिड्डा, तिन्नावा?" अव्वांनी दारातच विचारलं, मग माझा चेहरा बघून स्वतःच मराठीत आल्या, "जेवलीस का म्हन्लं." ताटात भात, पप्पू म्हणजे वरण, आणि चिंचेचं चारू म्हणजे सार. मी हात धुऊन उठते न उठते तोच त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि फळीकडे बोट केलं. "वरचा डबा काढ की. तू उंच हायस." तो काढला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या मागचा. दिवाळीपासून त्या घरात कुणी उंच माणूस आलं नव्हतं असं दिसलं. पितळेची परात, पापडाचं लाटणं, कुठल्याशा लग्नातली न उघडलेली भेट, सगळं खाली आलं, पुसलं गेलं आणि निम्मं परत वर गेलं. संध्याकाळपर्यंत मला त्या घरातली प्रत्येक वस्तू कुठे असते हे कळलं होतं. प्रवासाचा शीण कधी गेला ते मात्र कळलं नाही.

गुरुवार

मामांकडे अजून लूना आहे. तिच्या मागे बसून पहाटे सिद्धेश्वर तलावावर. माकडटोपीतून त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं आणि माझं त्यांना, तरी आम्ही दोघं अखंड बोलत होतो.

तलाव, पाण्यात देऊळ, बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी श्रमदानानं हा तलाव खोदवून घेतला, शहरभर ६८ लिंगं स्थापन केली, समाधीही इथेच घेतली. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा नुकतीच झालेली. होम मैदानावर उंच पाळणे अजून उभे होते. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणून हटून बसलेल्या कुंभारकन्येचं त्यांच्या योगदंडाशी लग्न लावून दिलं, ती कथा. तेच लग्न दरवर्षी नंदीध्वजांसह संमती कट्ट्यावर लागतं आणि 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्' म्हणत हजारो माणसं अक्षता टाकतात. बहुतेक भक्त पांढऱ्या बाराबंदीत. हे सगळं मला ज्यांनी सांगितलं ते चाचा यात्रेआधी महिनाभर त्या बाराबंद्याच शिवत असतात. "हमारे हाथ के कपडे पहनके पूरी शादी होती," म्हणाले. "आहेराचं विचारू नका."

चाचा, मामा, एक निवृत्त मास्तर आणि ज्यांना सगळे फक्त 'अज्जा' म्हणतात ते कन्नड बोलणारे गृहस्थ, अशी ती चौकडी. बाकीचे येऊन जाऊन असतात. अज्जांनी "बर्री, कुंड्री" म्हणत बाकावर हात आपटला. मी बसले. लगेच मास्तरांनी पेपर माझ्यापुढे धरला. चष्मा विसरला म्हणे. मी मोठ्यानं वाचायला लागले. ज्वारीचा भाव, उजनीतली पाणीपातळी, कुठल्याशा सभेतली बाचाबाची. चौघं मन लावून ऐकत होते, मधे मधे "पुन्हा वाचा" म्हणत होते. निधनवार्ता आल्या तसं अज्जांनी पान उलटायला लावलं. "ते आम्ही अगोदरच बघतो. पयलं पान तेच." तेव्हा माझ्या लक्षात आलं की चौघांच्याही खिशातून चष्म्याची काडी बाहेर डोकावते आहे. नव्या माणसाला असंच बसवतात. पेपर वाचायला लावला की तो लाजत नाही, उठून जात नाही आणि त्याला काय बोलावं हा प्रश्न पडत नाही.

त्यांचा एक नियम मला फार आवडला. शुगर, बीपी, गुडघे किंवा सुना यांच्यापैकी कशाचाही विषय जो काढेल त्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. त्या दिवशी बराच वेळ कुणीच चुकेना. चहावाला येऊन दोनदा बघून गेला. शेवटी अज्जांनी खिशात हात घातला, पैसे मोजून ठेवले आणि मग गंभीरपणे म्हणाले, "माझा उजवा गुडघा." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडून आपापले गुडघे काढले.

परतताना मास्तरांनी लूना थांबवायला लावून मला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांशी नेलं. १९३० च्या एप्रिलमध्ये सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. हे त्यांनी फार थोडक्यात सांगितलं. मग म्हणाले, "आता तुम्ही नावं म्हणा." मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मी तिसऱ्यावर अडखळले. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावली. रस्त्यानं जाणारी दोन कॉलेजची पोरं थांबून हसली, तर त्यांनाही ओळीत उभं केलं. त्यातल्या एकाला चारही नावं येत होती. त्याला मास्तरांनी खिशातून राजगिऱ्याची वडी काढून दिली. मला मिळाली नाही.

दुपारी भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक. १९३८ मध्ये चीनमध्ये गेलेला हा सोलापूरचा डॉक्टर १९४२ मध्ये तिथेच गेला, वयाची पस्तिशीही न गाठता. संध्याकाळी पार्क चौपाटीवर खाणं. पोट बिघडलं नाही, हे नोंदवून ठेवते.

शुक्रवार

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि वेळ ठरलेली असली तरी पाण्याला ती माहीत नसते. पहाटे पावणेचारला अव्वांनी माझं पांघरूण ओढलं. "ऊठ पोरी, पाणी आलं." बाहेर सगळी गल्ली जागी. नळ्या, मोटारी, पिंपं, हंडे, झोपेत चालणारी पोरं. मला वाटलं आता भांडणं बघायला मिळणार. तेवढ्यात कुठूनतरी शिट्टी वाजली. खरीखुरी, खेळाच्या मास्तरांकडे असते तशी.

कोपऱ्यावरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ आहेत. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. कमरेखालून पाय गेले त्याला बरीच वर्षं झाली. खाट खिडकीला लावलेली. मोटार नसलेल्या घरांसाठी गल्लीच्या तोंडाशी जो नळ आहे त्याचा हिशेब या खिडकीतून चालतो. उशाशी गजराचं घड्याळ, गळ्यात शिट्टी. दहा मिनिटं झाली की शिट्टी, आणि नळी पुढच्या घरी. शिट्टीवर अपील नाही. पयलं पिंप त्यांचं भरायचं हा अव्वांचा कायदा, आणि ते भरायचं काम त्या दिवशी माझ्याकडे आलं. मी नळी धरून त्यांच्या मोरीत उभी. आतून आवाज आला, "कोन नवीन हाय?"

"अव्वांकडं आलेय. ठाण्याहून."

"ठान्यात पाणी रोज येतंय म्हन्तात."

"हो, येतं."

"मग तुम्ही लोकं भेटता कवा?"

मी पिंप भरून वाहायला लागेपर्यंत नुसती उभी राहिले, तर शिट्टी वाजली. नियम मलाही लागू होता.

उजाडलं तशा बायका त्यांच्या खिडकीशी येऊन जात होत्या. कुणी चहा ठेवला, कुणी पोराचा गृहपाठ. एका तरुण सुनेचं घरात काहीतरी बिनसलेलं असावं. ती रडवेली होऊन तिथे थांबली. म्हातारबाबांनी काय झालं म्हणून विचारलं नाही. घड्याळ तिच्या हातात दिलं, "जरा चावी दे, माझी बोटं वळंनात," म्हणाले. ती चावी देत बसली. हळूहळू आपणहून बोलायला लागली. मी नळी गुंडाळायचं काम लांबवून लांबवून ऐकलं, हे खरं, पण तेलुगूत होतं म्हणून पुढचं कळलं नाही. शेवटी दोघं कशालातरी मोठ्यानं हसली एवढं कळलं. ती गेल्यावर मी पाहिलं, त्यांची बोटं चांगली वळत होती. त्यांनी स्वतःच बिडी पेटवली.

बिड्यांचं नाव निघालंच आहे तर दुपार. समोरच्या ओट्यावर चार-पाच बायका विड्या वळायला बसतात. या भागातल्या हजारो घरांत गिरणीची भोंग्याची नोकरी पुरुषाची आणि घरबसल्या विडीची बाईची, असा संसार चालला. गिरण्या गेल्या, विडी राहिली. अव्वांनी आता मजुरीनं वळणं सोडलंय, पण ओटा सोडलेला नाही. दुसऱ्यांची पानं कापून देतात. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं चौकोन, शिरा काढायच्या, चिमटीभर तंबाखू, वळायचं, दोरा, आणि नखानं तोंड मुडपायचं. अव्वांच्या उजव्या अंगठ्याचं नख त्या मुडपण्यानं कायमचं एका बाजूला झिजलंय. दाखवलंय त्यांनीच, दागिना दाखवावा तसं. तंबाखूच्या वासानं मला खोकला सुटला. त्या खोकत नव्हत्या, पण पाठीला प्रत्येकीच्या पट्टी होती. या कामाला मी गोड म्हणणार नाही.

मलाही कात्री मिळाली. माझे चौकोन वाकडे येत होते. एक आजी ते उचलून बाजूला ठेवत होत्या, "हे जावयाच्या विडीला." या आजींना कुंभारीला घर मिळालंय. माकपचे नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या लढ्यातून विडी कामगार बायकांसाठी तिथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १०,००० घरांची. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. तेव्हा आपण पुढच्या रांगेत होतो असं आजी सांगतात आणि बाकीच्या तिघी त्यांना मागच्या रांगेत बसवतात. घर हक्काचं, स्वतःच्या नावावर. तरी त्या रोज सकाळी बस धरून या ओट्यावर येतात. "तिकडं भिंती लई चांगल्या हायेत. पन भिंतींस्नी माझे विनोद कळत न्हाईत."

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत ज्येष्ठ मंडळींची फार काळजी घेतात. लिफ्टमध्ये खुर्ची ठेवलीय. "तुम्ही बसा, आम्ही करतो," हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकू येतं. त्या वाक्यानं माणूस हळूहळू पाहुणा होतो, आपल्याच घरात. या गल्लीत ते वाक्य मला एकदाही ऐकू आलं नाही, ना म्हाताऱ्यांसाठी ना माझ्यासाठी. इथली माया म्हणजे हातात काहीतरी येणं. नळी, कात्री, घड्याळाची चावी. हे सगळं त्यांनी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. आयुष्यभर ज्यांचे हात रिकामे राहिले नाहीत त्यांना दुसऱ्याचे रिकामे हात बघवत नसावेत.

शनिवार

हत्तरसंग कुडलला जायला मामांच्या भाच्यानं गाडी आणली. वीस-बावीसचा पोरगा. पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीत राहिला म्हणून आठवडाभर कुणाशी बोलत नव्हता, असं अव्वांनी निघताना कानात सांगितलं. गाडीत तो खरंच बोलला नाही. विजापूर रस्त्यानं दोन्हीकडे ज्वारी, कणसं भरलेली.

भीमा आणि सीना यांचा संगम शांत, रुंद. इथल्या बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली, आणि लिंग स्वतः ३६० वं असं मानतात. जवळून पाहिलं तर ओळीनं लहान लहान चेहरे, काही झिजून गुळगुळीत झालेले. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर मराठीतला फार जुना लेख आहे, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. तो उजेडात आणला सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी. जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची त्याची शेवटची ओळ.

देवळाच्या पायरीवर पांढऱ्या टोपीतले एक आजोबा बसले होते. गाईड वगैरे नाहीत, शेजारच्या वस्तीवरचे. आम्ही वर बघत उभे आहोत हे पाहून काठी टेकत आले आणि काठीच्याच टोकानं एकेक अक्षर दाखवायला लागले. "वाचा. मोठ्यानं." मी वाचलं. "झालात विजयी," म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. मग भाच्याकडे वळले. "तू रं?" त्यानं मान हलवली, नको म्हणून. "वाच की. फुकट हाय. हजार वर्सं झाली, कुनाला न्हाई म्हन्लं न्हाई ह्या दगडानं." त्यानं पुटपुटत वाचलं. "ऐकू न्हाई आलं." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा देऊळ घुमलं, तेव्हा कुठे टाळ्या मिळाल्या. आजोबांना भरतीचं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते येणाऱ्या प्रत्येकालाच वाचायला लावतात. आमच्यामागून आलेल्या शाळकरी पोरांना त्यांनी एका सुरात म्हणायला लावलं आणि मग जाहीर केलं की एवढे सगळे विजयी झाले तर हरायला कोण उरलं.

मंद्रूपच्या अलीकडे ओळखीच्या शेतात हुरडा होता. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, भोवती पोती अंथरलेली आणि मध्यभागी इरकलीचा पदर खोचून बसलेल्या मालकीणबाई. वय विचारलं तर म्हणाल्या, "ज्वारीला इचार." कोवळी कणसं निखाऱ्यात सरकवायची, फिरवायची, काढायची आणि गरम असतानाच दोन तळहातांत चोळायची. हिरवे, वाफाळते दाणे पोत्यावर पडतात. शेंगाचटणी, गूळ, दही, बोरं. तोंड भाजतं, पण थांबवत नाही.

भाचा बाजूला मोबाईल बघत बसला होता. बाईंनी एक धगधगतं कणीस त्याच्या दिशेनं टाकलं. त्यानं झेललं आणि ओरडला. "चोळ. मऊ हात हायेत तुझे, म्हनून घेतलं नसंल पोलिसांनी." मी दचकले. एवढ्या जिवाला लागलेल्या गोष्टीची कुणी अशी चेष्टा करतं का? पण पोरगा क्षणभर थांबून हसला. बऱ्याच दिवसांनी हसत असावा, कारण ते त्याला नीट जमलं नाही. "त्यांनी न्हाई घेतलं, मी घेतलं. रोज पाच पायली चोळायची. पगार हुरडा." तो आगटीजवळ सरकला. तासाभरानं त्याचे तळवे काळे झालेले आणि तो तिथल्या पोरांना बोटं न भाजता चोळायचं कसं हे शिकवत होता, जे त्याला स्वतःला धड येत नव्हतं. परतीच्या रस्त्यात त्यानं गाडीत आपणहून गाणी लावली. फार मोठ्यानं. कुणी तक्रार केली नाही.

रविवार

सकाळी मामांच्या दोस्ताच्या कारखान्यात सोलापुरी चादर विणताना पाहिली. जकाटचे, म्हणजे नक्षीसाठी भोकं पाडलेले, पुठ्ठे एकामागोमाग सरकतात, प्रत्येक भोकानुसार धागे उचलले जातात आणि खाली मोर उमटत जातो. आवाजात बोलणं अशक्य, म्हणून सगळे हातवाऱ्यांनी बोलतात, आणि म्हातारे कामगार हातवाऱ्यांनी विनोदही सांगतात. मला कळला नाही, मागाशेजारी कांड्या भरणाऱ्या बाई मात्र हसून हसून बेजार. चादर घेतली. भौगोलिक मानांकन मिळालेली, वजनाला एवढी की बॅगेची चेन लागेना.

घरी आले तर अव्वांनी पलंगावर शेंगाचटणीच्या पुड्या मांडून ठेवल्या होत्या. खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. मला वाटलं माझ्यासाठी. त्यांनी मार्कर माझ्या हातात दिला. "नावं लिही. मी सांगते." एक त्यांच्या लेकीच्या जुन्या मैत्रिणीला, कल्याणला. एक गल्लीतून लग्न होऊन भिवंडीला गेलेल्या मुलीला, तिथेही मागच. एक डोंबिवलीला, "तिच्या पोरीची दहावी हाय, तिला म्हनाव रात्री जागू नको." एकेका पुडीबरोबर एकेक निरोप आणि फोन नंबर. या बायकांपैकी एकीलाही मी ओळखत नाही.

"अव्वा, कुरिअर करू का?"

"कुरिअर बोलतंय का?"

माझी पुडी सगळ्यात शेवटी मिळाली, सगळ्यात लहान. दुपारच्या गाडीला मामांनी लूनावरून आणून सोडलं. मांडीत चादर, खांद्याला पुड्यांची पिशवी. फलाटावर अज्जा, चाचा आणि मास्तर आधीच हजर. मास्तरांनी चार नावं पुन्हा म्हणायला लावली आणि या वेळी वडी दिली. चाचांना गाडीला उशीर होणार याची खात्री होती, त्यामुळे ती वेळेवर आल्यावर ते थोडे नाराज झाले.

दौंडच्या पुढे एका अनोळखी नंबरावरून फोन आला. डोंबिवलीच्या बाई. "अव्वांचा फोन आला होता, चटणी येतेय म्हणाल्या. तुम्ही कधी येताय? जेवायलाच या." मी म्हटलं, नुसती पुडी देऊन जाईन, तुम्हाला कशाला त्रास. पलीकडे जराशी शांतता, मग हसणं. "अव्वांनी सांगितलंय, तुम्ही उंच आहात. माझ्या माळ्यावरून दोन डबे काढायचेत." मंगळवारी संध्याकाळी जायचं ठरलं. वांगी चालतात का, एवढंच त्यांनी विचारलं.